खेकसणारी बँक बरी

बुऱ्हाणपुरातली कोणती बँक टिकणार आणि कोणती बुडणार, हे वरच्या साहेबलोकांच्या आधी आमच्या मावसाजींना कळतं, असं आमच्या इतवारा मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांचं मत होतं. उरलेल्या निम्म्या इतवाऱ्याला मावसाजी अजून भेटायचे होते, एवढंच.

मावसाजी म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे यजमान. जंगल खात्यात नाकेदार होते. खात्यानं त्यांना निवृत्त केलं, पण त्यांनी नाका काही सोडला नाही. उंची बेताची, मिशी बेताबाहेरची, डोक्यावर खाकी टोपी आणि हातात वेताची काठी. ही काठी त्यांनी चालायला कधी वापरली नाही. ती ठोकून बघायला होती. भिंत, टरबूज, शेजाऱ्याच्या नव्या मोटारसायकलची सीट, जे समोर येईल ते आधी ठोकायचं आणि मग बोलायचं. मुलीसाठी स्थळ बघायला धूलकोटला गेले तेव्हा त्यांनी व्याह्यांच्या घराची चौकट इतकी ठोकली की आतून म्हातारी ओरडली, "कोण आहे रे मेला?" मावसाजी म्हणाले, "लाकूड पक्कं आहे," आणि सोयरीक ठरली. ती मुलगी आज धूलकोटला सुखात नांदते आहे, त्यामुळे या पद्धतीविरुद्ध आमच्या घरात कुणाला तोंड उघडता येत नाही.

आता माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या मुलीनं बँकेच्या बाबतीत असल्या माणसाचं का ऐकावं, हे कळायला आमच्या घरची आधीची तऱ्हा सांगावी लागेल. बाबा दुसऱ्याच्या पॉवरलूमवर कामाला. लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले, म्हणून आम्ही घरात प्रेमाचं बोलणंही ओरडूनच बोलायचो आणि गल्लीला वाटे की यांच्यात रोज भांडण. आई परकर शिवायची. भाड्याची एक खोली, नळ घरमालकिणीच्या अंगणात, आणि घरमालकीण आमच्या कळशांकडे अशी बघायची की जणू तापी तिच्या माहेरहून आली आहे. त्यातूनही आईनं थोडंथोडं साठवलं आणि बाजारातल्या एका बचत समितीत ठेवलं. समिती म्हणजे एक गाळा, एक पाटी, एक टेबल आणि लक्ष्मीची तसबीर. एका सकाळी आई गेली तर पाटी नाही, टेबल नाही. लक्ष्मी तेवढी भिंतीवर. आई ती तसबीर काढून घरी घेऊन आली. बाबा म्हणाले, "चला, लक्ष्मी तर आली घरात." त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे भाजी फक्त पाहुण्यांना मिळायची.

अशा घरातून मी शिकले. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी कुठंही सांगते, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगते. ज्यांच्या भिंतींवर आजोबांपासूनच्या डिग्र्या टांगल्या आहेत त्यांनी खुशाल हसावं. आमच्या भिंतीवर ती एकच आहे, आणि मी ती सरळ टांगली आहे.

माझा निकाल लागला त्याच सुमारास बाबांच्या मालकानं लूम भंगारात काढले आणि बाबांच्या हातावर हिशेबाची रक्कम ठेवली. एवढा पैसा आमच्या खोलीनं कधी पाहिला नव्हता. आईला त्यातून एकच गोष्ट हवी होती, स्वतःच्या नावाच्या दोन खोल्या. पण रक्कम थोडी कमी पडत होती. मुदतीनं ठेवली, वर मला मिळेल तो पगार आणि व्याज पडलं, तर जमण्यासारखं होतं. बाबांनी गठ्ठा आईपुढं ठेवला आणि ओरडून, म्हणजे नेहमीच्या आवाजात, म्हणाले, "हे बुडालं तर मी परत लूमवर जाऊ शकत नाही. लूमच नाही राह्यला."

"मंग भाऊजींना विचारू," आई म्हणाली.

मावसाजींचं बँकशास्त्र नाक्यावर तयार झालेलं होतं. "देख बेटा," ते मला म्हणाले, "नाक्यावर केळीचा ट्रक आला की वरचा माल पाहायचा नसतो. वर केळीच असतात. टायर पाहायचे. केळीच्या वजनानं टायर किती दबतो ते नाकेदाराला ठाऊक पाहिजे. जास्त दबला, की समजायचं खाली सागवान आहे."

"पण मावसाजी, बँकेला टायर कुठं असतात?"

"चपराशी," ते म्हणाले. "सगळी बँक त्याच्यावर चालते, अन् त्याच्याकडे कोणी पाहत नाही."

तर मावसाजी कुठल्याही बँकेत शिरले की आधी चपराशाकडे चिमूटभर तंबाखू मागत. चपराशानं डबी पुढं केली, तर पगार वेळेवर होतो. "संपली" म्हणाला, तर बँक अडचणीत. आमच्या इथल्या एका सज्जन चपराशाला तंबाखूचं व्यसनच नव्हतं. त्याच्यापायी एक चांगली चालती बँक मावसाजींच्या यादीत कैक महिने आजारी होती.

दुसरी परीक्षा चहाची. ही मात्र उलटी होती. ज्या बँकेत गेल्याबरोबर साहेब उठून उभा राहतो, चहा मागवतो, "आपल्यासारख्या माणसांच्या आशीर्वादावरच तर" वगैरे सुरू करतो, ती बँक गळ्यापर्यंत बुडालेली. पाणीसुद्धा विचारत नाहीत, वर "काय काम आहे?" म्हणून खेकसतात, ती बँक ठणठणीत. "जिला तुझी गरज नाही, तिच्यात पैसे ठेव," हे त्यांचं सूत्र. चौकात एक नवी बँक आली, गार हवेची, काचेच्या दाराची, दारात नमस्कार करणारी मुलगी. मावसाजी ऐन मे महिन्यात सबंध दुपार त्या गारव्यात बसले, दोन कप चहा घेतला, मुलीला आशीर्वाद दिला आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "ही दिवाळी नाही पाहत." त्या बँकेनं दिवाळी पाहिली, होळी पाहिली आणि पुढं शाहपूरला शाखाही उघडली. मी हे त्यांच्या तोंडावर सांगितलं. ते जराही डगमगले नाहीत. "बुडायला इथली जागा कमी पडली असेल," म्हणाले.

खोटं कशाला बोलू, त्यांचे अंदाज जितके खरे ठरले तितकेच चुकले. पण लोक खरे ठरलेले लक्षात ठेवत आणि चुकलेले मावसाजी समजावून देत.

आमच्या समाजाची एक सहकारी बँक आहे. छोटीशी, जुन्या बाजारात, वर संचालकांचं सभागृह आणि खाली काउंटर. समाजाची बँक म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन कळायचं नाही. तिथले संचालक तेच असतात जे तुमच्या घरच्या लग्नात मांडवाच्या दारात उभे राहतात. तिथली ठेव मुदतीआधी मोडली, की संध्याकाळपर्यंत गल्लीत चौकशी सुरू होते: मुलीचं कुठं जमलं का, घरात कोणी आजारी आहे का, की आमच्यावर भरवसा नाही राह्यला. पैसे काढणं हा तिथं व्यवहार नसतो, तो मानापमान असतो. आणि बँकेची तब्येत लोक वार्षिक सभेच्या पंगतीवरून ठरवतात. रव्याचा गोड दराबा तुपात न्हालेला असला, मावा जलेबी गरम असली, की बँक मजबूत. हिशेब मंजूर होण्याची वेळ नेमकी अशी धरलेली असते की कढईचा वास वरच्या मजल्यावर पोचावा. वास आला की सगळे हात वर. मावसाजी दरवर्षी त्या वासात उभे राहत आणि विचारत, "वसुली किती झाली?"

अध्यक्ष हात जोडून म्हणत, "नाकेदारसाहेब, जलेबी थंड होऊन राह्यली."

मावसाजी खाली बसत, पोटभर जेवत आणि घरी येऊन म्हणत, "जलेबी जरा जास्तच गोड होती. काहीतरी झाकताहेत."

आईचा ओढा याच बँकेकडे होता. मोठ्या सरकारी बँकेत तिला काउंटरवरचा मुलगा "अम्मा, साइड में" म्हणाला होता, आणि इथं निदान "काकू" तरी म्हणत. मी मात्र बी.कॉम. माणसासारखं वागायचं ठरवलं. बँकेचा वार्षिक अहवाल मागून आणला आणि रोज संध्याकाळी वाचला. ऑडिटमध्ये मिळालेला वर्ग चांगला, थकलेली कर्जं आटोक्यात, संचालकांच्या नातलगांना वाटलेली खिरापत नाही, भांडवल पुरेसं. आईला समजावलं, "शिवाय पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो."

"विमा बुडाल्यावरच मिळतो ना?" आई म्हणाली. "मंग बुडणार आहे का?"

तिनं मावसाजींकडे पाहिलं. माझ्या अहवालाला त्यांनी काठीनं हलकेच ठोकलं. "कागद चांगला आहे. पण हा वरचा माल झाला, बी.कॉम." त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

मग त्यांनी त्या बँकेची परीक्षा सुरू केली, आणि तीसुद्धा नाकेदाराच्या शिस्तीनं. दाराशी एक बाक होता. बँक उघडली की ते बाकावर येऊन बसत. मधूनच आपल्या खात्यातून थोडेसे पैसे काढत आणि दुपारी तेच परत भरत. "नाडी पाहून राह्यलो," म्हणत. कॅशियर त्यांना पाहून डोळे मिटून घ्यायचा. तिथला चपराशी म्हणजे एक जळजळीत माणूस होता, तो झाडू मुद्दाम त्यांच्या पायांवरून फिरवायचा आणि म्हणायचा, "पाय वर. बाक बँकेचा आहे, बापाचा नाही." मावसाजींचा चेहरा खुलायचा. मॅनेजर बिचारा मऊ स्वभावाचा, जुन्या स्कूटरवर यायचा, तिला कितीदा तरी लाथ मारावी तेव्हा ती सुरू व्हायची. तेही मावसाजींना पसंत पडलं. "ज्याच्या खिशात दुसऱ्याचा पैसा शिरला, तो अशी स्कूटर ठेवत नाही." हे मात्र मलाही पटलं.

शेवटी एका दुपारी ते आमच्याकडे आले आणि आईला एवढंच म्हणाले, "ठेव."

आईनं ठेवले. बाबांचा सगळा लूम त्या एका पावतीत बसला.

परीक्षा संपली, पण मावसाजी बाकावरून उठले नाहीत. सवय झाली होती. बरं, जाणारे-येणारे त्यांना तिथं रोज बघत होते. समोरचा चहावाला सकाळी शटर वर करताना बाकाकडे नजर टाकायचा आणि मावसाजी दिसले की निवांत स्टोव्ह पेटवायचा. केळीवाले, कापडवाले, शाळेतले मास्तर, सगळ्यांना ती सवय लागली. गावानं चपराशी पाहिला नाही, अहवाल पाहिला नाही. गाव मावसाजींना पाहत होतं. हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही, मावसाजींच्या तर नाहीच.

पुढं त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आरामासाठी मुलगी त्यांना धूलकोटला घेऊन गेली. बाक रिकामा पडला. पहिल्यांदा चहावाला म्हणाला, "नाकेदार नाही दिसून राह्यले." ते वाक्य बाजारभर फिरून दुपारी त्याच्याकडे परत आलं तेव्हा "नाकेदारानं पैसे काढून नेले" असं झालं होतं. दुसऱ्या दिवशी "नाकेदार गाव सोडून गेले" झालं. आणि त्यानंतरच्या सकाळी मी शाहपूरला, एका केळीच्या व्यापाऱ्याकडे माझ्या हिशेबाच्या टेबलावर बसले होते, तर आईचा फोन आला. ती हळू बोलत होती. आमच्या घरात हळू बोललं, की काहीतरी भयंकर झालेलं असतं.

"मी लाईनीत उभी आहे. पावती मोडायला. तू ये."

मी पोचले तेव्हा रांग बँकेच्या दारातून निघून भांड्यांच्या दुकानापुढून वळली होती. ज्यांनी कधी मानापमानापायी पैसे काढले नसते असे लोक आता एकमेकांकडे न पाहता उभे होते. मला एक कळत होतं. बँक धडधाकट आहे, पण कुठल्याही धडधाकट बँकेकडे सगळ्यांचे सगळे पैसे एका दिवशी कपाटात नसतात. ते कर्जावर बाहेर गेलेले असतात. तोच तिचा धंदा. ही रांग अशीच राहिली तर चांगली बँक नुसत्या भीतीनं बंद पडेल, आणि मग आईची पावती कधी सुटेल ते देवाला ठाऊक. मी रांगेला हे सांगू लागले. अहवालातली पानं दाखवली. एक कापडवाले काका शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, तुझं सगळं बरोबर आहे. पण नाकेदार कुठंय?"

मी धूलकोटला फोन लावला. मावसबहीण म्हणाली, "बाबांचा मोबाईल बंदच असतो. त्यांना वाटतं, चालू ठेवला की चोर त्यातून खात्यात शिरतात." तरी जावयानं त्यांना मोटारसायकलवर बसवलं, आणि दुपारी मावसाजी डोळ्याला हिरवी झापड, वर काळा चष्मा, वर खाकी टोपी अशा अवतारात उतरले. रांगेत कुजबुज झाली. मावसाजींनी चांगल्या डोळ्यानं रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. आणि कुणाला काही न विचारता ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

मी धावत गेले. "मावसाजी, हे काय करताय?"

"पैसे काढतो. जंगलात धूर दिसला की आधी पळायचं, मंग विचारायचं."

"हा धूर तुमचा आहे. तुम्ही दिसला नाहीत म्हणून ही रांग लागली."

त्यांनी चष्मा वर केला. "माझ्यासाठी?" तेवढ्यात त्यांना पुढं उभी असलेली आई दिसली. "कमल, तू कशाला उभी?"

"तुम्ही पैसे काढले म्हणून, भाऊजी."

"मी कुठं काढले? मी तर तुझ्या मागं उभा आहे."

रांगेत कुणीतरी हसलं, पण हललं कुणी नाही. आईच्या हातातली पावती घामानं मऊ पडली होती. मावसाजींनी ती पाहिली. जन्मात त्यांनी कशाची हमी घेतली नव्हती. नाकेदार ट्रक सोडतो, पण ट्रक चांगला आहे असं लिहून देत नाही, हे ते अभिमानानं सांगायचे. ते रांगेतून बाहेर आले आणि काठी टेकत, खरोखरच टेकत, आत गेले. सगळी रांग मान लांब करून बघू लागली.

आणि मॅनेजरनं घात केला. तो धावत आला, खुर्ची पुसली, "या नाकेदारसाहेब, आपण आलात, फार उपकार झाले," म्हणाला, आणि मागून बशीसकट चहा आला, वर सायीचा जाड थर. दारातून एक लांब "अरे अरे" उमटलं. मावसाजींचं चहाशास्त्र गावाला तोंडपाठ होतं. मी मॅनेजरच्या कानाशी गेले. "साहेब, चहा परत न्या. अन् यांच्यावर जरा ओरडा."

मॅनेजरनं प्रयत्न केला. "नाकेदारसाहेब," तो घसा साफ करून म्हणाला, "आपण कृपया... म्हणजे आपली हरकत नसेल तर..." त्या माणसाला आयुष्यात ओरडता आलं नसतं. ओरडला तो चपराशी. सकाळपासून गर्दी आवरून त्याचं टाळकं सणकलेलं होतं. "ओ टोपीवाले! रांग दिसत नाही का? डोळा एक झाकलाय, दुसरा तर उघडा आहे. नाहीतर बाजूला व्हा. इथं काही लंगर नाही लागला."

मग कापडवाले काका रांगेतल्या पुढच्याला म्हणाले, "खेकसला रे."

मावसाजींनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला. खिशातून पेन्शनचं पाकीट काढलं आणि दारातल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बी.कॉम., पैसे भरायची स्लिप दे. माझ्याच्यानं एका डोळ्यानं लिहवत नाही." मी स्लिप भरली. त्यांनी सही केली, पैसे भरले आणि बाकावर जाऊन बसले. रांग काही जादूनं नाहीशी झाली नाही. निम्मे लोक हळूहळू "उद्या पाहू" म्हणत पांगले. उरलेल्यांना बँकेनं संध्याकाळपर्यंत पैसे दिले, आणि त्यातले बरेचजण पुढच्या आठवड्यात तेच पैसे पिशवीत झाकून परत भरायला आले. आईनं पावती कमरेला खोचली आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागली.

पण त्या दिवसानंतर मावसाजींची गंमत गेली. जन्मभर दुसऱ्यांवर नजर ठेवलेल्या माणसावर गावाची नजर बसली. आता ते हौसेनं बसत नव्हते, बसावं लागत होतं. थंडीत खोकला झाला तरी मफलर गुंडाळून येत. धूलकोटला नातवंडं वाट बघायची, पण सकाळी जाऊन दुपारी परत. दुसरा डोळाही पिकत आला होता. समोरून कोण गेलं हे त्यांना धड दिसायचंही नाही. मावशी म्हणायची, "सोडा ना आता तो बाक. तुम्हाला काय पडलंय?" ते टोपी घालून निघत. मीही विचारलं एकदा. "मावसाजी, बँक चांगली आहे, आता तुमची गरज नाही." ते म्हणाले, "बँकेला नाही."

पावतीची मुदत भरली त्या दिवशी आई आणि मी बँकेतून बाहेर आलो. मावसाजी बाकावर होते. आवाजावरून त्यांनी आईला ओळखलं.

"मिळाले?"

"मिळाले भाऊजी. व्याजासकट."

"मोजून घेतले?"

"हिनं घेतले."

"मंग ठीक." ते उठले, टोपी नीट केली आणि समोर चहावाल्याकडे गेले. त्याला म्हणाले, "मी धूलकोटला चाललो, मुलीकडे राहायला. बँकेत काही झालेलं नाही. ऐकतो आहेस ना? काही झालेलं नाही." आयुष्यात त्यांनी तोंडानं दिलेली ती एकच हमी.

त्यानंतर ते इतवाऱ्यात राहायला परत आले नाहीत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तितकंसं साधलं नाही. बँक आजही चालू आहे, वसुली चांगली आहे. अहवाल मी दरवर्षी वाचते.

आईनं दोन खोल्या घेतल्या. आत स्वतःचा नळ आहे. रजिस्ट्रीच्या कागदावर एकटीचं नाव आहे, तिचं.